कागदावरच्या गायींचं शेण

टाकी अंगणात आली त्या दिवसापासून भीमाप्पा तिच्याकडे पाठ करून बसायला लागला होता. आता अंगण ते केवढं आणि टाकी केवढी! हत्तीच्या पिल्लाएवढी ती काळी लोखंडी टाकी विटांनी बांधलेल्या खड्ड्यावर पालथी बसली होती आणि तिच्याकडे पाठ करायची म्हणजे तोंड भिंतीकडेच करावं लागे. महिनाभर म्हातारा भिंतीशी बोलत होता.

गोबरगॅस. घरात सगळं आलं होतं. खड्डा होता, टाकी होती, नळी होती, स्वयंपाकघरात दोन तोंडांची नवीकोरी शेगडी होती. नव्हतं फक्त शेण. शेण नव्हतं कारण जनावर नव्हतं, आणि जनावर नव्हतं कारण धम्म घेतला त्या साली भीमाप्पानं भर चावडीसमोर सांगितलं होतं, आजपासून माझ्या घरातलं कुणी मेलेलं ढोर ओढणार नाही, गोठा झाडणार नाही, शेणाला हात लावणार नाही. त्यानंतर गावानं त्याला बडवलं आणि दोन वर्षं काम दिलं नाही. ती दोन वर्षं घरानं अर्धपोटी काढली. पण म्हातारा वाकला नाही. दर चौदा एप्रिलला वस्तीत सभा होई, भीमाप्पा उठे, शेणाची पाटी ओढ्यात कशी भिरकावली ते सांगे, आणि टाळ्या पडत. सत्तावीस वर्षं त्याच गोष्टीला त्याच टाळ्या.

आणि त्याच घरात थोरल्या मुलानं, निपाणीच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक धर्मराजनं, गोबरगॅस आणला होता. तालुक्याच्या साहेबाला मार्चअखेर चाळीस टाक्या बसवायच्या होत्या. एकोणचाळीस बसल्या होत्या, आणि चाळिसाव्या टाकीसाठी साहेबाला माणूस हवा होता. अर्जात जनावरांची संख्या विचारली होती. धर्मराजची पेन्सिल तिथं अडली, तेव्हा साहेब म्हणाला, ‘‘चार लिवा सर. फुडलं फुडं बगू.’’ धर्मराजनं चार लिहिलं. विमा उतरवायचा म्हणून साहेबानं नावं विचारली, तर नावंही दिली. तांबू, कपिली, चांदी आणि हौशी.

पुढं काय व्हायचं ते झालं. पशुखात्यानं चार कानांत अडकवायचे चार बिल्ले पाठवले. ते खुंटीला टांगले होते. दूध सोसायटीचं पत्र आलं, की आपली चार जनावरं असूनही आपण दूध घालत नाही, याचा खुलासा करावा. धर्मराजनं चारही आटल्याचं कळवलं. त्यावर गुरांच्या डॉक्टरची गाडी दारात आली.

पण हसण्यासारखं नव्हतं. घरात भीमाप्पाची बायको शेवंताबाई खोकत होती. गेल्या दहा-बारा वर्षांत माळावरची बाभूळ न् बाभूळ चुलीत गेली होती, गायरान नांगरून तिथं तंबाखू आली होती, आणि सगळं गाव आता तंबाखूच्या काड्या जाळत होतं. तो धूर कसला? धडधाकट माणसाला घेरी येईल असला. रॉकेल रेशनवर, सिलिंडरचा नंबर निपाणीत सहा वर्षांनी. तिला तपासून निपाणीच्या डॉक्टरनं धर्मराजला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘‘धूर बंद करा. नाहीतर येता पावसाळा आईंना झेपायचा नाही.’’ म्हणून अर्जात चार गायी आल्या होत्या. पोरानं खोटं लिहिलं ते आईसाठी लिहिलं, एवढं त्याच्या पदरात घालायलाच हवं.

आणि आता साहेबाचा निरोप होता. सोमवारी दहाला येतो. खड्ड्यात निदान तीन गाड्या ओलं शेण दिसलं तर सही करतो, नाहीतर टाकी उचलून दुसऱ्या गावाला देतो. हातात एक रविवार उरला होता.

*

भीमाप्पाचा धाकटा मुलगा यमनाप्पा बेळगावातल्या खासबागेतून पहिल्या गाडीनं आला तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, की या खेपेला अण्णाची बाजू घ्यायची नाही. तो तिथल्या बँकेत कारकून होता, आणि खोट्या कागदावर सही म्हटली की पेनाला टोपण लावून बसे.

अंगणात बैठक बसली होती. भीमाप्पा भिंतीकडे तोंड करून. त्याच्या शेजारी त्याची विधवा बहीण कोंडाबाई, जी भावाच्या प्रत्येक वाक्याला ‘‘तर!’’ म्हणून शिक्का मारायची. आत चुलीपाशी शेवंताबाई. आणि मधोमध धर्मराज, उभा. तो घरातही उभा राहूनच बोलायचा.

‘‘माणसाच्या समाजाची वाटचाल बघा आबा,’’ तो म्हणाला. ‘‘पहिला टप्पा शिकारीचा. दुसरा पशुपालनाचा. तिसरा शेतीचा, चौथा कारखान्याचा. आणि कारखान्यानं झाडं संपवली, तेल संपत आलं, म्हणून आता पाचवा टप्पा. निसर्गाकडून घ्यायचं आणि निसर्गालाच परत द्यायचं. या टाकीत तो पाचवा टप्पा आहे.’’

‘‘टाकीत वारं हाय,’’ भीमाप्पा भिंतीला म्हणाला.

‘‘तर!’’ कोंडाबाई म्हणाली.

‘‘अण्णा, दुसरा टप्पा परत सांग,’’ यमनाप्पा म्हणाला.

‘‘पशुपालन.’’

‘‘त्यो आपल्याला कुटं मिळाला? जितं जनावर त्येंचं हुतं, मेलेलं आपलं. आपन शिकारीतनं थेट कारकुनीत आलो. आनि तू म्हंतोस पाचव्यात चला.’’

भीमाप्पानं आनंदानं मांडीवर थाप मारली. धाकट्या पोराचं बोलणं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आवडलं असावं.

‘‘म्हणून आईनं धूर खायचा?’’ धर्मराजचा आवाज चढला, आणि चढला की त्याची भाषा कॉलेजातून खाली गावात उतरे. ‘‘डॉक्टर काय म्हनला ठावं हाय का तुला?’’

यमनाप्पाला ठाऊक नव्हतं. कुणी कळवलं नव्हतं. धर्मराजनं ते सांगितलं. आतून खोकला ऐकू आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. आईची काळजी वाटण्याआधी यमनाप्पाला स्वतःचाच राग आला, की आपण दिवाळीला आलो होतो, हाच खोकला ऐकला होता, आणि दोन भाकरी जास्त खाऊन गेलो होतो. तो उठून अण्णाच्या बाजूला जाऊन बसला. अंगणात ती चार पावलं होती, पण भीमाप्पाला ती लागली.

‘‘फितला ह्यो बी,’’ तो म्हणाला.

‘‘मग चार गाई इकत घ्या की,’’ कोंडाबाई म्हणाली. ‘‘नावं तर ठेवलीच हाईती.’’

‘‘आत्ती, चरवायच्या कुठं? गायरानात तंबाखू आहे,’’ धर्मराज म्हणाला.

‘‘आनि त्यातल्या दोन माज्या,’’ यमनाप्पा सवयीनं म्हणाला. वाटण्यांचा विषय निघाला की त्याच्या तोंडून ते आपोआप निघे.

‘‘दोन कुठल्या?’’ धर्मराज वळला.

‘‘तांबू आनि कपिली.’’

‘‘तांबू घरची पहिली गाय हाय. ती थोरल्याकडंच ऱ्हाईल.’’

‘‘मग हौशी तुज्याकडं, आनि चांदीबी तुज्याकडं, आनि मी काय खासबागेत बिल्ले बांधू?’’

दहा मिनिटं ते भांडले. कोंडाबाईनं हौशी गाभण असल्याचा मुद्दा काढला. शेवटी धर्मराजची बायको दुर्गाबाई, जी प्राथमिक शाळेत शिकवत होती, चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘गायी नाहीत. चहा घ्या.’’ तेव्हा कुठं दोघं भानावर आले.

*

नागोजी त्याच सुमाराला वस्तीकडे यायला निघाला होता. चौदा जनावरांचा धनी, जुन्या पाटीलघराण्यातला. त्याच्या बापानं ज्याला ‘भीम्या’ म्हटलं त्याला नागोजी ‘भीमाप्पा’ म्हणे. एका पिढीत प्रगती म्हणायची तर एवढी झाली होती.

त्याच्या पोटात वेगळंच दुखणं होतं. त्यानंही टाकीसाठी अर्ज केला होता. पण चौघा भावांनी कमाल मर्यादा चुकवायला जमिनीच्या जोडीनं जनावरंसुद्धा चार बायकांच्या, दोन मेलेल्या काकांच्या आणि एका पुजाऱ्याच्या नावावर टाकली होती, त्यामुळं कागदावर नागोजीकडे एकही शेपूट नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. चौदा जनावरं असून टाकी नाही, आणि भीमाप्पाकडे टाकी असून जनावर नाही. त्यात त्याचं रान पोत्यातल्या खतानं असं आवळलं होतं, की तंबाखूच्या पानाला वजनच धरेना. टाकीतून बाहेर पडणारी रबडी शेणखताहून भारी, हे त्यानं रेडिओवर ऐकलं होतं. त्याला टाकी नव्हती हवी. त्याला ती रबडी हवी होती.

अंगणात येऊन त्यानं टाकीभोवती एक फेरी मारली आणि वर थापटी दिली.

‘‘चांगली हाय,’’ तो खिन्नपणे म्हणाला. ‘‘भीमाप्पा, शेन मी देतो. पैसं नगंत. रबडी मला द्या.’’

धर्मराजचे डोळे भरून आले. ‘‘हेच! हीच ती देवाणघेवाण! पैशाच्या आधीची आणि पैशाच्या नंतरची!’’

‘‘सक्काळी तुमच्या बायका पाठवा,’’ नागोजी पुढं म्हणाला, ‘‘गोठा झाडून हवं तेवढं न्ह्या. पयल्यासारकं.’’

तो वाईट बोलायचं म्हणून बोलला नव्हता. त्याला दुसरी रीतच माहीत नव्हती. पण भीमाप्पा महिन्यात पहिल्यांदा भिंतीकडून वळला.

‘‘पयल्यासारकं?’’ तो म्हणाला.

‘‘म्हंजे, तसं न्हवं...’’

‘‘माज्या घरातली बाई तुज्या गोठ्यात येनार न्हाय, नागोजी. शेन द्यायचं तर दारात आनून दे.’’

‘‘तर!’’ कोंडाबाई म्हणाली, आणि आज तो शिक्का नीट बसला.

नागोजी घुटमळला. मग तंबाखूच्या पानाचं वजन आठवून म्हणाला, ‘‘गाडी धाडतो.’’

*

तीन गाड्या आल्या. गावभर वास सुटला आणि वासामागं निम्मा गाव आला. गाड्या वस्तीच्या तोंडाशी गटारापर्यंत आल्या आणि थांबल्या. गाडीवाल्यानं जू सोडलं, शेण तिथंच ओतलं, आणि म्हणाला, माझं काम झालं. गटारापासून खड्ड्यापर्यंत चाळीस पावलं होती.

आता ही चाळीस पावलं कुणाची?

हा मुलूखच असा, की सरहद्द म्हटली की शेंबड्या पोराच्याही अंगात वकील येतो. कुठलं गाव कुठं जावं यावर इथं तीस वर्षं मोर्चे निघालेले. दहा मिनिटांत गटाराला हद्दीचा दर्जा मिळाला. नागोजी म्हणाला, दार म्हणजे वस्तीचं दार, ते गटारापाशी लागतं. भीमाप्पा म्हणाला, दार म्हणजे उंबरा. यमनाप्पानं बँकेच्या रिवाजाप्रमाणे दार शब्दाची लेखी व्याख्या मागितली. धर्मराजनं मध्य काढला, वीस पावलं यांची, वीस त्यांची. पावलं मोजायला कुणाचा पाय धरायचा यावर पुन्हा अडलं, कारण नागोजी उंच होता. पलीकडून कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं, की गटार पंचायतीचं आहे, तेव्हा शेणही पंचायतीचं. उन्हं चढली, शेण वाळायला लागलं. साहेबानं ओलं सांगितलं होतं.

‘‘वीस तर वीस,’’ भीमाप्पा शेवटी दमून म्हणाला. ‘‘तुजी वीस तू आन, नागोजी.’’

‘‘मी?’’ नागोजीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. ‘‘मी शेनाची पाटी उचलू? भीमाप्पा, जरा इचार करून बोला. आमच्यात शेन बायका काडत्यात.’’

‘‘तर आमच्यात कोन काडतंय?’’ भीमाप्पा तिथल्या तिथं म्हणाला. ‘‘आमच्यातबी बायकाच काडायच्या. गडीमानसानं पाटी उचलल्याली मी जल्मात बगितली न्हाय.’’

‘‘मग! त्ये बायकांचंच काम.’’

‘‘बायकांचंच!’’

दोघं एकमेकांकडे बघून समजूतदारपणे माना हलवू लागले. सात पिढ्यांत जे ऐक्य झालं नव्हतं, ते गटाराच्या काठावर एका क्षणात झालं. नागोजीनं तंबाखूची चंची काढली आणि भीमाप्पाच्या पुढं धरली. भीमाप्पानं चिमूट घेतली. धर्मराजला तर हा समाजपरिवर्तनाचा क्षण वाटला आणि तो कागद शोधू लागला.

कोंडाबाई मात्र ‘‘तर!’’ म्हणाली नाही. ती भावाकडे बघत राहिली. मग पदर खोचून आत गेली.

*

शेवंताबाई चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. धुरानं तिची नजर अधू झाली होती; दारातून तिला माणसांचे नुसते आकार दिसत, पण शब्द न् शब्द कळत होता. कोंडाबाई आत येऊन म्हणाली, ‘‘शेवंता, ऊठ बाई. तुजा न्हवरा आनि नागोजी एक झाल्यात.’’

त्या दोघी आणि मागून दुर्गाबाई बाहेर आल्या. शेवंताबाई हातानं भिंत चाचपत गटारापाशी गेली. वासावरूनच तिला कळलं, की यात सरकी खाणाऱ्या म्हशींचंही आहे. गर्दी मागं सरली. ती वाकेल, पाटी उचलेल, आणि प्रश्न मिटेल, असं सगळ्यांनाच वाटलं. नागोजीनं तर सुटकेचा निःश्वास सोडला.

‘‘हात लावू नगंस!’’ भीमाप्पा ओरडला. ‘‘आपन शेन सोडलंय! सत्तावीस वर्सं झाली!’’

‘‘कुनी सोडलंय?’’ शेवंताबाई म्हणाली.

‘‘आपन! मी चावडीम्होरं सांगितलं न्हवतं?’’

‘‘सांगितलंसा. मी मागं हुबी हुती.’’ तिला खोकला आला. सगळे थांबले. तो जाईपर्यंत तिनं हात वर धरला होता, कुणी मध्ये बोलू नये म्हणून. ‘‘तुमी ढोरं वडलीसा, सांगावं न्हेलंसा, हलगी वाजवलीसा. त्ये समदं तुमी सोडलंसा, आनि बरं केलंसा, माजी मान ताट झाली. पर शेन तुमी कवा उचललं हुतंसा?’’

भीमाप्पानं ओढ्याकडे हात केला.

‘‘पाटी माज्या डोक्यावर हुती. वड्यात मी फेकली. तुमी काठावर हुता. दर साली सभंत तुमी फेकता, आनि टाळ्या बी तुमीच घेता. मी म्हनलं असूं दे, मार तर त्येनीच खाल्ला.’’ ती जरा थांबली. ‘‘पर सोडायचं झालं, तर आदी उचलावं लागतंय.’’

गाडीचा बैल तेवढा मान हलवत होता. भीमाप्पाला वाटलं, हे सगळ्या गावासमोर बोलायला नको होतं. मग त्याला वाटलं, सत्तावीस वर्षं मी तरी गावासमोरच बोलत होतो की. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली भीती होती, जी त्यानं महिनाभर भिंतीला सांगितली होती, आणि दुसऱ्या कुणालाच नाही, की ही बाई पावसाळ्यात जाईल आणि आपली शपथ तेवढी मागं राहील. त्यानं अंगरखा काढून यमनाप्पाच्या हातात दिला.

‘‘नागोजी,’’ तो म्हणाला, ‘‘चंची ठेव आत.’’

‘‘भीमाप्पा, आपलं आत्ताच ठरलं हुतं...’’

‘‘ठरलं हुतं त्ये मोडलं. वीस पावलं तुजी हाईत. रबडी पायजे का न्हाय?’’

नागोजीनं गर्दीकडे बघितलं. गर्दीत त्याची बायकोही होती, आणि तिच्या तोंडावर असं काही होतं, की तो मुकाट्यानं वाकला.

दोघांनाही ते काम येत नव्हतं. नागोजीनं पाटी पोटाशी धरली आणि धोतर घालवलं. भीमाप्पानं नुसती डोक्यावर घेतली, तर शेणाचं पाणी मानेवरून पाठीत उतरलं. दुर्गाबाईनं सासूसाठी शाळेची खुर्ची आणून सावलीत मांडली. आयुष्यात पहिल्यांदा शेवंताबाई भर रस्त्यात, नवऱ्यासमोर खुर्चीवर बसली आणि सांगू लागली. फडक्याची चुंबळ करा. चुंबळ कपाळाकडं न्हवं, टाळूवर. मान ताठ, नजर म्होरं. दाताखाली ओठ धरू नका, ठेच लागली की फुटतो. प्राध्यापक दोन्ही हातांनी पाटी सावरत दुसऱ्या टप्प्यातून थेट पाचव्याकडे निघाला. त्याच्यामागं कारकून होता. विसाव्या पावलावर पाटी या डोक्यावरून त्या डोक्यावर जात होती आणि तेवढ्यापुरतं कुणाचं डोकं कुठल्या गल्लीतलं, हे शेणामुळं ओळखू येत नव्हतं.

दुसरी गाडी संपली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भीमाप्पा परत आला आणि खुर्चीसमोर गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. त्याला धाप लागली होती. कमरेत कळ होती, डोळ्यांत घाम होता की दुसरं काही, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

‘‘किती झाल्या गं पाट्या?’’ त्यानं विचारलं.

शेवंताबाईनं हात पुढं करून त्याच्या डोक्यावरची घसरलेली चुंबळ चाचपली आणि नीट मधोमध बसवली.

‘‘मी कवा मोजल्या न्हाईत,’’ ती म्हणाली. ‘‘तुमीबी मोजू नगा.’’